रोजनिशीसाठी लॉइश्टटुर्म १९१७ची ए५ वही: कागद बरा, अनुक्रमणिका लाखमोलाची

लॉइश्टटुर्म १९१७ची कडक पुठ्ठ्याची ए५ वही रोजनिशीसाठी घ्यावी का? घ्यावी. कागद ठीकठाक आहे. फाउंटन पेनवाल्यांना याहून चांगला दुसरीकडे मिळेल. पुठ्ठा, रंग, फिती हे तर आजकाल बऱ्याच वह्यांना असतं. या वहीचे पैसे वसूल होतात ते दोन साध्या गोष्टींमुळे: प्रत्येक पृष्ठावर छापलेला आकडा आणि सुरुवातीला सोडलेली कोरी अनुक्रमणिका.

रोजनिशीचे जे फायदे सांगतात, त्यांतले काही लिहिता लिहिता मिळतात. डोकं हलकं होतं, विचारांचा गुंता सुटतो. बाकीचे, आणि माझ्या मते जास्त मोलाचे, जुनं पान पुन्हा उघडल्यावर मिळतात. पाठ नेमकी कधीपासून दुखतेय, नोकरी बदलताना आपण काय गृहीत धरलं होतं, त्या भांडणात आधी कोण काय बोललं. अशी नोंद तीन महिन्यांनी शोधायला बसल्यावर दोनशे पानं चाळावी लागली, की माणूस शोधायचं सोडून देतो. मग वही कपाटात जाते ती जातेच. म्हणून इथे वहीची प्रत्येक गोष्ट एकाच मापाने मोजली आहे: लिहिलेलं परत सापडेल का, आणि दहा वर्षांनी वाचता येईल का.

वही हातात घेतल्यावर

आकार १४५ × २१० मिमी, म्हणजे प्रमाण ए५पेक्षा रुंदीला तीन मिलिमीटर कमी. २५१ पृष्ठं, ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) फिकट क्रीम रंगाचा आम्लविरहित कागद, धाग्याची शिवण. दोन फिती, मागच्या पुठ्ठ्याला कागदी खिसा, बंद ठेवायला इलॅस्टिकचा पट्टा, शेवटची आठ पानं छिद्ररेषेवर फाडता येणारी. सोबत मुखपृष्ठावर आणि कण्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या येतात. ही जर्मन कंपनी मुळात तिकीट आणि नाणी जमवणाऱ्यांसाठी अल्बम बनवणारी. वस्तू नुसती ठेवायची नाही, नोंदवून ठेवायची, ही संग्राहकांची सवय वहीच्या रचनेत उतरलेली दिसते.

नवी वही एकदम मधोमध उघडून दाबू नका. कण्यावरचा गोंद एकाच जागी तडकतो आणि पुढे वही कायम त्याच पानावर उघडते. टेबलावर कणा टेकवून वही उभी धरा, आधी दोन्ही पुठ्ठे खाली आडवे सोडा. मग पुढून आठ-दहा पानं घेऊन शिवणीपाशी बोटाने हलकेच दाबत खाली बसवा, मग मागून तेवढीच. असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम, पण त्यानंतर पान सपाट पडतं आणि डाव्या पानाच्या आतल्या कडेला लिहिताना हात अडखळत नाही.

छिद्ररेषेच्या पानांबद्दल एक इशारा. वही भरत आली की ही पानं हाताळणीने सैल होतात, म्हणून जपायचं काही तिथे लिहू नये. अनेकांना वहीच्या शेवटी स्वतःची सूची ठेवायची सवय असते. या वहीत ती जागा अगदीच चुकीची.

शाई आणि कागद

८० जीएसएमच्या कागदाकडून किती अपेक्षा ठेवायची, हे आधी ठरवावं. दोन वेगळ्या तक्रारी लोक एकत्र करतात. मागच्या बाजूला अक्षरांची सावली दिसणं वेगळं आणि शाई फुटून पलीकडे उतरणं वेगळं. सावली या कागदावर दिसतेच, जवळपास कुठल्याही पेनाने. दोन्ही बाजूंनी लिहायला ती आड येत नाही, पण जिला ती खुपते त्या व्यक्तीला रोज खुपणार. शाई फुटणं मात्र पेनावर अवलंबून आहे.

बॉलपेनची शाई फुटत नाही. जोर देऊन लिहिणाऱ्यांचे वळ मात्र मागच्या पानावर उमटतात, त्याला उपाय म्हणजे पानाखाली एक जाड कार्ड. ०.५ किंवा त्याहून बारीक जेलपेन सगळ्यात सोयीचं. फाउंटन पेन बारीक किंवा मध्यम निबचं असेल तर चालतं. रुंद निब आणि भरपूर वाहणारी शाई असेल तर अक्षर जिथे थांबतं तिथे, पूर्णविरामावर आणि जोडाक्षरांच्या गाठीत, पलीकडे ठिपके उतरू शकतात. स्पिरिटवर चालणारे मार्कर पार होणारच, त्यात वहीचा दोष नाही. हायलायटर वापरायचा तर जेलची शाई नीट वाळू द्या, नाहीतर ओळ काळपट फासली जाते. डाव्या हाताने लिहिणाऱ्यांनी आणि लगेच पान उलटायची घाई असलेल्यांनी वहीच्या खिशात टीपकागदाचा तुकडा ठेवावा. तो खिसा त्याच्याइतका दुसऱ्या कशालाच शोभत नाही.

टिकाऊपणाचं गणित वेगळं. कागद आम्लविरहित आहे, म्हणजे तो लवकर पिवळा आणि ठिसूळ पडणार नाही. पण शाई उडाली तर कागद टिकून उपयोग काय? फाउंटन पेनच्या बहुतेक शाया रंगद्रावणाच्या असतात. उजेडात फिकटतात, पाण्याचा थेंब पडला की ओघळतात. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई कागदाच्या तंतूंवर बसते आणि टिकते, फक्त पेन वरचेवर धुवावं लागतं. बॉलपेन घेताना आयएसओ १२७५७-२ आणि जेलपेन घेताना आयएसओ २७६६८-२ हा उल्लेख दिसतो का ते पाहा. कागदपत्रांसाठीच्या शाईची ही मानकं आहेत, पाणी आणि उजेड सोसण्याच्या चाचण्या त्यांत येतात. पेन्सिल, गंमत म्हणजे, यांतल्या अनेक शायांपेक्षा जास्त टिकते. ग्राफाइट उजेडाने उडत नाही. ते घासून पुसट होतं एवढंच.

तिकिटं, पावत्या, फोटो चिकटवणाऱ्यांनी दोन गोष्टी टाळाव्यात. उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत पावतीवरची अक्षरं काही काळाने कोरी होतात, तेव्हा तीवरचा मजकूर वहीत हाताने उतरवून घ्या. आणि पारदर्शक चिकटपट्टी वापरू नका. तिचा गोंद पिवळा पडून कडांना पाझरतो आणि समोरच्या पानाला चिकटतो. ग्लू स्टिक किंवा फोटोचे कोपरे बरे. फार चिकटवाचिकटवी केली तर वही फुगते, इलॅस्टिक कायम ताणलेलं राहतं आणि सैल पडतं.

मराठी लिहिणाऱ्यांनी कोणती घ्यावी

ही वही चार प्रकारांत मिळते: ठिपक्यांची, रेघांची, चौकटींची आणि कोरी. सध्या सगळीकडे बोलबाला ठिपक्यांचा आहे. पण ठिपके ५ मिमी अंतरावर आहेत, आणि देवनागरीला ते अंतर अपुरं पडतं. रोमन अक्षरं रेघेवर बसतात. आपली शिरोरेघेला लोंबतात, वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार. पाच मिलिमीटरमध्ये अक्षराचा गाभा तीन मिमीचा काढला तर वर-खाली मिळून दोनच उरतात. वरच्या ओळीतल्या ‘कुंकू’सारख्या शब्दाचे उकार खालच्या ओळीतल्या ‘र्की’च्या डोक्यात घुसतात आणि महिन्याभराने वाचताना अनुस्वार होता की वरच्या उकाराचं शेपूट, हे कळत नाही.

मार्ग तीन. रेघांची वही घ्या. तिचं अंतर ६ मिमी आहे आणि तो एक जास्तीचा मिलिमीटर खरोखर जाणवतो. शिरोरेघ छापील रेघेवरच काढा, म्हणजे ओळ सरळ राहते. किंवा कोरी घ्या आणि पानाखाली ८ मिमीच्या जाड रेघा काढलेला कागद ठेवा. ८० जीएसएममधून त्या दिसतात, म्हणजे सावलीचा दोष इथे कामाला येतो. किंवा ठिपक्यांचीच हवी असेल तर ०.३८चं पेन वापरून गाभा अडीच मिमीवर आणा, पण मग ‘ळ’, ‘ष्ट’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या शाईने भरून जातात. चष्म्याचा नंबर वाढत असेल तर या वाटेला जाऊ नये. तक्ते, सवयींचे चौकोन, छोटे आलेख काढणार असाल तरच ठिपके घ्या. सलग मजकुराला रेघाच बऱ्या.

अनुक्रमणिका कशी भरावी

इथे बहुतेकांचं चुकतं. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोजची नोंद अनुक्रमणिकेत चढते: ‘३ तारीख, पृ. ४’, ‘४ तारीख, पृ. ५’. जागा मोजकी आहे. ती महिन्या-दीड महिन्यात संपते आणि तारखांची यादी तशीही निरुपयोगी, कारण तारखा क्रमाने आहेतच. अनुक्रमणिकेत विषय घालायचे, आणि तेही एखादा विषय दुसऱ्यांदा आल्यावर. एका विषयाला एक ओळ, पुढे पृष्ठांक वाढत जातात:

डोकेदुखी: २३, ३१, ४०, ५८
घर बदलण्याचा विचार: १२, ३३, ३४, ७१
बाबांशी बोलणं: ९, ४४

दुसरी युक्ती धाग्याची. पृ. ४०वर डोकेदुखीबद्दल लिहिताना खालच्या कोपऱ्यात ‘३१ ←’ लिहा आणि मागे जाऊन पृ. ३१च्या कोपऱ्यात ‘→ ४०’ टाका. यामुळे मागचं पान आपोआप डोळ्यांखालून जातं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण जुनं वाचण्याची सवय मुद्दाम लावावी लागत नाही, ती या बाणांमुळे लागते. आकडे छापलेले नसतील तर हे सगळं करायला आधी अडीचशे आकडे हाताने घालावे लागतात, आणि कोण घालतो? साध्या शंभर पानी वहीलाही हे करता येतं, पण पहिल्याच बैठकीत सगळे आकडे घालून मोकळं व्हायला हवं.

वहीवर तारखा छापलेल्या नाहीत, त्यामुळे तारीख, वार आणि वर्ष तिन्ही हाताने लिहा, वर्ष तर प्रत्येक पानावर. ‘१४ जून’ एवढंच लिहिलेलं सुटं पान पाच वर्षांनी कोड्यात टाकतं.

दोन फितींपैकी एक आजच्या पानाला, दुसरी अनुक्रमणिकेला कायमची. फितीचं टोक उसवायला लागतं. त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो.

लिहायचं काय, म्हणजे फायदा होईल

वही कितीही चांगली असली तरी ‘आज दिवस वाईट गेला, कामात लक्ष नव्हतं, डोकं दुखलं’ अशी नोंद पुढे कुणाच्याच कामाची नसते. तीच नोंद अशी लिहिली तर?

‘मंगळवार, १४ जून २०२२. डोकं दुपारी ३.३०पासून, उजवी बाजू, ६/१०. काल झोप साडेपाच तास. जेवण दीड तास उशिरा. ५ वाजता वीस मिनिटं अंधारात पडलो, मग ३/१०. ३१ ←’

पाच-सहा ओळी, दोन मिनिटं. अशा दहा नोंदी झाल्या की झोप आणि डोकेदुखी यांचा काही संबंध आहे का ते समोर येतं, आणि डॉक्टरांपुढे ‘अधूनमधून दुखतं’ असं मोघम सांगावं लागत नाही. त्याच दिवशी लिहिण्याला कारण आहे. रेडेलमायर आणि कानमन या संशोधकांनी १९९६मध्ये दाखवलं की वेदनेची आठवण मुख्यतः तिच्या सर्वोच्च क्षणावर आणि शेवटच्या क्षणांवर बेतलेली असते. ती किती वेळ चालली याची आठवणीत फारशी नोंदच होत नाही. आठवड्याने लिहिलेली वेदना ही वेदनेची नोंद नसते, आठवणीची असते.

निर्णयांचं तर त्याहून वाईट. फिशहॉफ आणि बेथ यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२च्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी लोकांना विचारलं होतं, अमुक घडण्याची शक्यता किती टक्के वाटते? दौरे झाल्यावर त्यांना स्वतःचेच अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं होतं त्याला आपण मुळात जास्त शक्यता दिली होती, असं लोकांना प्रामाणिकपणे वाटू लागलं. ‘मला माहीतच होतं’ म्हणणाऱ्या मनाला अडवायला कागदावरचा आकडाच लागतो. म्हणून मोठ्या निर्णयाच्या दिवशी अर्धं पान राखून ठेवावं: काय ठरवलं, का ठरवलं (दोनच कारणं, खरी), काय होईल असं वाटतं, त्याची खात्री किती टक्के, काय घडलं तर चुकलो असं मानायचं, आणि हे पान पुन्हा कधी उघडायचं. ती तारीख अनुक्रमणिकेत घालायची. खात्रीचा आकडा लिहायला लोक कचरतात, पण सहा महिन्यांनी शिकवतो तो आकडाच.

मनावरचं ओझं उतरवायला लिहिणं हा तिसरा प्रकार, आणि त्याचाच सगळ्यात जास्त गाजावाजा होतो. पेनबेकर आणि बील यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहिलं. पुढच्या महिन्यांत त्यांतल्या घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी राहिल्या. याची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते: लिहून उठल्यावर लगेच त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. हे माहीत नसलं की माणूस दुसऱ्याच दिवशी वही बंद करतो. परिणामही माफकच आहे. फ्रॅटारोली यांनी २००६मध्ये अशा १४६ अभ्यासांची एकत्र मोजदाद केली तेव्हा सरासरी परिणाम खरा पण छोटा निघाला. वही हे औषध नाही, आणि उपचार सुरू असतील तर ती त्यांची जागा घेत नाही.

करायचं असेल तर असं करा. घड्याळ लावून १५ ते २० मिनिटं, तीन-चार दिवस, एकाच घटनेवर. शुद्धलेखन, खाडाखोड यांकडे बघायचं नाही. काय झालं आणि काय वाटलं, दोन्ही लिहायचं. लिहिताना असह्य व्हायला लागलं तर थांबायचं, विषय बदलायचा. आघात कालपरवाचा असेल तर घाई नको. चौथ्या दिवशी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून वाचा. पेनबेकर यांच्या पुढच्या कामात असं दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक कार्यकारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला. आपल्या पानांत ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आत्ता लक्षात आलं’ असे शब्द वाढताहेत का ते पाहा. चारही दिवस तेच वाक्य, तीच शिवी, तोच माणूस असेल तर ते उगाळणं चाललं आहे. मग पाचव्या दिवशी तोच प्रसंग ‘मी’ न वापरता, तिसऱ्या माणसाची गोष्ट असावी तसा लिहून पाहावा.

झोप लागत नसेल तर रात्री पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी. स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवून पाहिलं: उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी लवकर. ही यादी रोजनिशीच्या पानात मिसळू नका. मागचा खिसा आणि सुटा कागद पुरतो. कृतज्ञतेच्या याद्या आवडत असतील तर आठवड्यातून एकदा, नेमक्या तपशिलाने. रोज ‘कुटुंब, आरोग्य, मित्र’ लिहिण्यात अर्थ नाही.

एखादा दिवस चुकला तर? काही बिघडत नाही. सवयींवरचा लंडनचा एक अभ्यास २०१०मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला लोकांना मधल्या हिशेबाने ६६ दिवस लागले, पण कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५४ इतका फरक होता. मधला एखादा दिवस गळल्याने विशेष फरक पडला नाही. चुकलेले दिवस मागाहून भरत बसू नका. त्याचाच कंटाळा येऊन वह्या सुटतात. तारखा न छापलेल्या वहीचा हा मोठा गुण: कोरं पान आपल्याकडे बोट दाखवत उभं राहत नाही.

बाकीच्या पर्यायांपुढे

मोलस्किनच्या क्लासिक वहीत ७० जीएसएमचा कागद आणि २४० पृष्ठं आहेत. बॉलपेन वापरणाऱ्याला ती चालेल, फाउंटन पेन वापरणाऱ्याने तिच्याकडे वळू नये. जपानच्या होबोनिची तेचो या डायरीचा तोमोए रिव्हर कागद अवघा ५२ जीएसएमचा असूनही फाउंटन पेनची शाई सुंदर पेलतो. शाई वाळायला मात्र वेळ लागतो, आणि तारखा छापलेल्या असल्यामुळे चुकलेला दिवस ढळढळीत दिसतो. शाईप्रेमी आणि शिस्तीचे, दोन्ही असाल तर ती घ्या. लॉइश्टटुर्मचीच १२० जीएसएमची आवृत्ती आहे, २०३ पृष्ठांची. सावली बरीच कमी, वजन जास्त. दोन्ही बाजूंनी फाउंटन पेनने लिहिणाऱ्याला तीच योग्य.

पाच वर्षांची डायरी हा प्रकार वेगळाच आहे. एका पानावर एक तारीख, खाली पाच वर्षांच्या पाच जागा, प्रत्येकी चार-पाच ओळी. मागच्या वर्षी आज काय केलं होतं, हे न शोधता समोर येतं. पुन्हा वाचण्याच्या मापाने तिच्याइतकं सोपं साधन नाही. पण पहिलं वर्ष अगदी रुक्ष जातं, कारण वर काहीच नसतं, आणि वर सांगितलेलं निर्णयाचं अर्धं पान किंवा पंधरा मिनिटांचं लिखाण तिथे मावत नाही. ती घ्यायची तर या वहीच्या जोडीला.

ॲपचा विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात: शोध ॲपमध्येच सगळ्यात चांगला, तारीख-वेळ आपोआप, फोटो सोबत. घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. लिहिलेलं सगळं साध्या मजकुराच्या किंवा पीडीएफच्या रूपात बाहेर काढता येतं का? नोंदी कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) असतील तर किल्ली कुठे ठेवायची? डे वनसारख्या ॲपमध्ये दोन्हीची सोय आहे, पण किल्ली हरवली की नोंदीही हरवतात. कागदी वहीची अडचण नेमकी उलटी: इलॅस्टिकचा पट्टा म्हणजे कुलूप नव्हे. घरातल्यांच्या हाती लागेल या धास्तीने हातचं राखून लिहिणार असाल तर ही वही घेऊन उपयोग नाही. आधी ती ठेवायला कुलपाची जागा बघा, किंवा सरळ ॲप घ्या. शिवाय कागदाला दुसरी प्रत नसते. महिन्यातून एकदा भरलेल्या पानांचे फोनने फोटो काढून ठेवावेत, फोटोत पृष्ठांक येईल असे. पंधरा-वीस पानांना दहा मिनिटं लागतात.

रोज एक पृष्ठ लिहिलं तर वही आठ महिन्यांत संपते, अर्धं लिहिलं तर सुमारे सव्वा वर्ष पुरते. संपत आली की शेवटची दोन-चार पृष्ठं संपवण्याच्या मागे न लागता अनुक्रमणिका उघडा. जे विषय अजून चालू आहेत, तेवढेच नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुन्या वहीच्या क्रमांकासह उतरवा: ‘डोकेदुखी: १/२३, १/३१, १/४०’. कण्यावर चिठ्ठी लावून सुरुवातीची आणि शेवटची तारीख घाला, वही उभी ठेवा, भिंतीला लागून नको, ओल धरते. छिद्ररेषेची आठ पानं कोरी उरली असतील तर ती फाडून झोपण्याआधीच्या यादीला वापरा.